नेर्चिन्स्कचा तह

सैबेरियाचा नकाशा पुढें ठेवून बैकल सरोवराच्या पूर्वेस बोट सरकवीत नेलें, तर शिल्का नांवाची एक नदी लागते. नेर्चा नदी तिला जेथें येऊन मिळते त्या परिसरांत नेर्चिन्स्क हें गांव आहे. इ. स. १६८९ च्या ऑगस्ट महिन्यांत या गांवाबाहेरील माळावर दोन तंबू एकमेकांस लागून उभे राहिले होते. एकांत मॉस्कोच्या झारचा वकील बसला होता. दुसऱ्यांत पेकिंगच्या, म्हणजे आजच्या बेजिंगच्या, बादशहाचे वकील होते. दोन्ही पक्षांपाठीमागें अफाट साम्राज्यें होतीं, दोन्ही साम्राज्यें चढत्या काळांतलीं होतीं, आणि दोघांच्या सीमा एकमेकींस भिडल्या होत्या. तरीही बोलणीं चालत होतीं तीं ना रशियन भाषेंत, ना चिनी भाषेंत. एक फ्रेंच पाद्री, एक पोर्तुगीज पाद्री आणि रशियाच्या नोकरींतील एक पोल असे दुभाषे मध्यें बसले होते, आणि ते बोलत होते लॅटिन! ज्या रोमशीं या दोहोंपैकीं एकाचाही राजकीय संबंध नव्हता, त्या रोमची भाषा या शेजाऱ्यांना उसनी घ्यावी लागली होती.

नेर्चिन्स्कचें नांव आपल्याकडील सुशिक्षितांच्याही कानांवर क्वचितच पडतें. शाळांतून शिकविल्या जाणाऱ्या इतिहासांत चीन व युरोप यांची गांठ प्रथम पडते ती बहुधा अफूच्या युद्धांत, म्हणजे १८३९ नंतर. त्यामुळें चीन हा युरोपापुढें सदैव वांकलेलाच होता, असा समज नकळत मनांत रुजतो. वस्तुतः त्यापूर्वीं दीडशें वर्षें चीनच्या बादशहानें एका युरोपियन सत्तेशीं बरोबरीच्या नात्यानें तह केला होता, आणि त्या तहांत माघार घेतली होती ती युरोपियन पक्षानें.

हे दोन शेजारी एकमेकांपर्यंत पोंचले कसे, तें प्रथम पाहिलें पाहिजे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस येर्माक नांवाच्या कोसॅक पुढाऱ्यानें उरल पर्वत ओलांडला. तेथून अवघ्या साठ वर्षांच्या आंत, १६३९ मध्यें, रशियन लोक पॅसिफिक महासागराच्या कांठीं जाऊन उभे राहिले. एवढा मुलूख इतक्या थोड्या माणसांनीं इतक्या थोड्या काळांत पायांखालीं घातल्याचीं उदाहरणें इतिहासांत फार नाहींत. या धांवेमागें ना धर्मप्रसाराची तळमळ होती, ना कोणा सेनापतीची योजना. त्यामागें होता सेबल नांवाचा एक छोटा प्राणी. मुंगसाएवढ्या या प्राण्याचें मऊ, काळसर कातडें युरोपच्या बाजारांत मोठ्या मोलानें विकलें जाई. एका खोऱ्यांतील सेबल संपले कीं कोसॅक पुढच्या खोऱ्यांत शिरत, तेथें लांकडी मेढेकोट उभारीत, आणि आसपासच्या टोळ्यांकडून कातड्यांच्या रूपानें खंडणी वसूल करीत. अशा रीतीनें नदीमागून नदी ओलांडीत ते अमूर नदीपर्यंत आले.

त्याच सुमारास दुसऱ्या बाजूस मांचू लोकांचा उदय होत होता. नुरहाची नांवाच्या सरदारानें मांचू टोळ्या एकत्र केल्या. त्याच्या वंशजांनीं १६४४ मध्यें पेकिंग घेतलें आणि चीनचें सिंहासन बळकाविलें. मांचूंचें मूळ घर अमूरच्या दक्षिणेस होतें, आणि अमूरच्या दोन्ही तीरांवरील टोळ्यांना ते आपली प्रजा मानीत. मांचूंची नजर दक्षिणेकडे, चीन जिंकण्याकडे, लागलेली असतांना त्यांच्या परसदारीं लांब दाढ्यांचे, बंदुका घेतलेले अपरिचित लोक आले. मांचूंनीं त्यांना ‘लोचा’ म्हटलें. बौद्ध ग्रंथांतील राक्षस या शब्दाचेंच हें चिनी रूप होय; आपल्या संस्कृतांतला शब्द अमूरच्या कांठीं रशियन लोकांना जाऊन चिकटावा, ही शब्दांच्या प्रवासाची एक गंमतच आहे.

नांव मात्र अगदींच अनाठायीं नव्हतें. १६४३ मध्यें पोयार्कोव्ह आणि १६४९ नंतर खाबारोव्ह या दोघांनीं अमूरवर ज्या मोहिमा नेल्या, त्यांची हकीकत वाचवत नाहीं. अमूरच्या कांठीं दाउर नांवाचे शेतकरी लोक राहात असत. त्यांच्या कोठारांत धान्य होतें, आणि सैबेरियांतील रशियन ठाण्यांना धान्याचीच वाण होती. खाबारोव्हनें आपल्या अहवालांत मारलेल्या माणसांचे आणि पकडलेल्या बायकापोरांचे आंकडे हिशेबनिसाच्या थंडपणानें नोंदविले आहेत. पुढें पेकिंगच्या हुकुमावरून दाउरांना उठवून दक्षिणेकडे नेण्यांत आलें, हेतु हा कीं रशियनांना धान्यही मिळूं नये आणि खंडणीही मिळूं नये. दोन मोठ्या सत्तांच्या ओढाताणींत त्या बिचाऱ्यांचीं शेतें ओसाड पडलीं. तहाच्या कागदावर सीमारेषा उमटण्यापूर्वीं तिचें मोल त्यांनींच दिलें होतें.

सरहद्दीवर अशा चकमकी चालू असतां मॉस्कोहून पेकिंगला वकील जातच होते. त्या वकिलातींचा इतिहास म्हणजे गैरसमजांची मालिका आहे. १६१८ मध्यें इव्हान पेटलिन हा कोसॅक पेकिंगला पोंचला. त्या वेळीं तेथें अद्याप मिंग घराणें होतें. त्याच्यापाशीं नजराणा नव्हता, म्हणून बादशहाची भेट झाली नाहीं. परंतु व्यापारास परवानगी देणारा एक खलिता त्याला मिळाला. पेटलिननें तो मॉस्कोस नेला. मॉस्कोंत तो वाचूं शकेल असा एकही माणूस नव्हता! पुढें सुमारें पंचावन्न वर्षांनीं त्याचा अर्थ लागला, तोंवर खलिता धाडणारें घराणेंच नष्ट झालें होतें. न समजणाऱ्या लिखाणास ‘चिनी पत्र’ म्हणण्याचा प्रघात रशियन भाषेंत आहे, त्याची उत्पत्ति या खलित्याशीं जोडतात.

१६५६ मध्यें बायकोव्ह हा झारचा वकील पेकिंगला गेला. झारची आज्ञा अशी होती कीं, खलिता व नजराणे बादशहाच्याच हातीं द्यावे, कोणा कारभाऱ्याच्या नाहीं. पेकिंगची रीत अशी होती कीं, खलिता व नजराणे प्रथम कारभाऱ्यांनीं तपासावे, आणि मग वकिलानें बादशहापुढें तीनदां गुडघे टेकून नऊ वेळां कपाळ भुईस लावावें. बायकोव्हनें दोन्ही गोष्टी नाकारल्या. सहा महिने घासाघीस झाली आणि अखेर त्याची बोळवण करण्यांत आली. चीनच्या दृष्टीनें बाहेरचा प्रत्येक राजा हा मांडलिक होता, आणि त्याचा नजराणा ही खंडणी होती. झारच्या दृष्टीनें तो कोणाचाही मांडलिक नव्हता. यांत कपाळ भुईस लावण्याच्या श्रमाचा प्रश्न नव्हता. नऊ वेळां वांकलेलें कपाळ दरबारच्या दप्तरांत कोणत्या सदरांत नोंदलें जाणार, याचा होता. ज्या मराठी वाचकानें जुने दरबारी पत्रव्यवहार चाळले आहेत, त्याला मायन्यांतील एका शब्दावरून राज्यें कशीं अडून बसतात हें समजावून सांगावयास नको.

या मालिकेंतील सर्वांत विलक्षण प्रकार १६७० मध्यें घडला. नेर्चिन्स्कच्या सुभेदारानें मिलोव्हानोव्ह नांवाच्या एका कोसॅकास पेकिंगला पाठविलें. त्याला दिलेली आज्ञा अशी होती, कीं चीनच्या बादशहानें झारच्या छत्राखालीं येऊन त्याचें मांडलिकत्व पत्करावें, म्हणजे झार त्याचें रक्षण करील, असें त्याला सांगावें. बादशहा होता कांग्शी, वय वर्षें सोळा, आणि त्याच्या ताब्यांत जगांतील सर्वांत मोठी लोकसंख्या होती. नेर्चिन्स्कमध्यें त्या वेळीं मूठभर शिपाई होते. हा निरोप जसाच्या तसा बादशहाच्या कानीं गेला असता तर मिलोव्हानोव्हचें काय झालें असतें हें सांगणें नको. परंतु त्याचें स्वागत उत्तम झालें, बादशहाची भेट झाली आणि मंडळी सुखरूप परत आली. याचा अर्थ एकच असूं शकतो: तो मजकूर त्याच्या खऱ्या अर्थानें तेथें कोणी भाषांतरित केलाच नाहीं. दुभाषांच्या अज्ञानानें कधीं कधीं राज्यांचें कल्याण होतें, तें असें.

१६७६ मध्यें आलेला स्पाथारी हा वकील मात्र निराळ्या तोलाचा होता. तो मूळचा मोल्डेव्हियाचा. ग्रीक व लॅटिन भाषांत पारंगत. पेकिंगच्या दरबारीं त्या काळीं जेझुइट पाद्री होते आणि गणित व ज्योतिष यांतील प्रावीण्यामुळें त्यांना मान होता. त्यांच्यांतील प्रमुख फर्डिनांड व्हर्बीस्ट याच्याशीं स्पाथारी लॅटिनमध्यें बोलूं लागला, आणि दोन्ही दरबारांना प्रथमच एक समान भाषा सांपडली. नमस्काराचा विधि स्पाथारीनें केला, पण घाईघाईनें आणि नीट न वांकतां. तरीही वकिलात निष्फळ झाली. त्याचें कारण होतें गान्तिमुर. हा तुंगुस जमातीचा सरदार; पूर्वीं मांचूंच्या पदरीं होता, तो १६६७ च्या सुमारास आपल्या लोकांसह रशियाच्या आश्रयास गेला. पेकिंगचें म्हणणें एकच: आधीं गान्तिमुर परत द्या, मग व्यापाराचें बोलूं. मॉस्को त्याला देईना. एका टोळीनायकावरून दोन साम्राज्यांनीं एवढें अडून बसावें याचें नवल वाटेल; पण एक गान्तिमुर गेला आणि पचला, तर सरहद्दीवरील प्रत्येक टोळी दोन्ही दरबारांशीं सौदा करूं लागेल, हें कांग्शीनें ओळखलें होतें.

कांग्शीला मात्र त्या वेळीं सवड नव्हती. दक्षिण चीनमध्यें १६७३ पासून तीन बलाढ्य सरदारांचें बंड चालू होतें, तें १६८१ मध्यें मोडलें. १६८३ मध्यें फोर्मोसा बेट हातीं आलें. त्यानंतर त्यानें उत्तरेकडे तोंड फिरविलें, आणि तेंही घाई न करतां. अमूरच्या कांठीं आयगुन येथें ठाणें बसविलें, धान्याचीं कोठारें भरलीं, नावा बांधल्या आणि टपालाचीं ठाणीं घातलीं. रशियनांचें मुख्य ठाणें होतें आल्बाझिन. त्याचा पुनरुद्धार १६६५ मध्यें चेर्निगोव्हस्की नांवाच्या माणसानें केला होता. हा एका रशियन सुभेदाराचा खून करून पळालेला गुन्हेगार. पण त्यानें आल्बाझिनहून झारला सेबलचीं कातडीं इमानेंइतबारें पाठविलीं आणि फांशीची शिक्षा माफ करून घेतली.

१६८५ च्या जूनमध्यें मांचू फौज आल्बाझिनवर आली. हा कोट लांकडी होता. तोफांपुढें तो टिकला नाहीं. कोटाचा अधिकारी टोल्बुझिन यानें शरण येतांच मांचूंनीं रशियन शिपायांना नेर्चिन्स्ककडे जाऊं दिलें. त्यांपैकीं सुमारें चाळीस जणांनीं मात्र पेकिंगला जाणें पसंत केलें. तेथें त्यांना मांचू फौजेंत सामील करून घेण्यांत आलें, घरें मिळालीं, आणि प्रार्थनेसाठीं एक देऊळही मिळालें. त्यांच्याबरोबर एक पाद्री गेला होता. पेकिंगमधील रशियन धर्मसंघाचें मूळ तें हेंच.

मांचूंनीं कोट जाळला, पण शेतांत उभें असलेलें पीक तसेंच ठेवून ते परत गेले. सेनापतीची ही चूक फार महाग पडली. रशियन लोक महिन्याभरांतच परतले, पीक कापलें, आणि या वेळीं जाड मातीचा तट बांधला. १६८६ च्या उन्हाळ्यांत दुसरा वेढा पडला. आंत आठशेंहून अधिक माणसें होतीं. टोल्बुझिन तोफेच्या गोळ्यानें मेला. त्याच्यामागून बेटोन नांवाच्या जर्मन अधिकाऱ्यानें कोट लढविला. हिंवाळ्यांत शत्रूपेक्षां रोगानेंच अधिक बळी घेतले. आंत धान्याला तोटा नाहीं हें दाखविण्यासाठीं बेटोननें मांचू सेनापतीला एक भलीमोठी पोळी भेट पाठविली, अशी आख्यायिका आहे. वर्षअखेरीस पेकिंगला मॉस्कोचे दूत पोंचले आणि मोठा वकील तहासाठीं निघाला असल्याची वर्दी त्यांनीं दिली. कांग्शीनें तत्काळ वेढा सैल करविला. तोंवर कोटांत मूठभर माणसें जिवंत होतीं.

पडण्याच्या बेतांत आलेला कोट कांग्शीनें कां सोडला? आणि मॉस्को इतक्या दूरच्या कोटासाठीं फौज न धाडतां वकील कां धाडीत होती? दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें अमूरवर नाहींत. मॉस्कोंत इव्हान व पीटर हे दोन झार नांवाला होते. कारभार त्यांची बहीण सोफिया पाहात होती, आणि तिचें सारें सामर्थ्य क्रिमियाच्या तार्तरांवरील मोहिमेंत गुंतलें होतें. पेकिंगपुढें संकट होतें तें पश्चिमेकडून. मध्य आशियांत झुंगार मंगोलांचा राजा गाल्दान प्रबळ झाला होता. १६८८ मध्यें त्यानें पूर्वेकडील खाल्खा मंगोलांवर झडप घातली, तेव्हां बोलण्यांसाठीं सेलेंगिन्स्ककडे निघालेल्या चिनी वकिलांना वाटेंतूनच परतावें लागलें. गाल्दान आणि झार यांचें सूत जमलें तर काय होईल, ही चिंता कांग्शीला झोंप येऊं देत नसावी. म्हणून दुसऱ्या वर्षीं वकिलांना निरोप देतांना त्यानें आपली मागणी उतरविली: पहिल्यानें नेर्चिन्स्कही मागावें, परंतु प्रसंग पडल्यास तें सोडावें, आल्बाझिन मात्र सोडूं नये.

झारचा वकील फ्योदोर गोलोव्हिन हा १६८६ च्या जानेवारींत मॉस्कोहून निघाला होता. नेर्चिन्स्कला पोंचावयास त्याला साडेतीन वर्षें लागलीं. त्याला आलेल्या एखाद्या हुकुमाचें उत्तर मॉस्कोस जाऊन परत येण्यास वर्षाहून अधिक काळ लोटे. वकिलानें स्वतःच्या अकलेवर किती विसंबावें, याचा विचार या अंतरावरून करावा. तो पोंचला तेव्हां चिनी वकील आधींच आलेले होते. सोंगोतू हा त्यांचा प्रमुख, आणि बादशहाचा मामा तोंग ग्वोगांग त्याच्या जोडीस. त्यांच्याबरोबर ठरल्यापेक्षां किती तरी अधिक माणसें होतीं. शिल्का नदी नावांनीं भरली होती, आणि पलीकडचा तीर तंबूंनीं. गोलोव्हिनपाशीं दीड हजारांच्या आसपास माणसें होतीं.

पहिल्या बैठकींत थाटमाटाची स्पर्धा झाली. गोलोव्हिनच्या तंबूंत तुर्की गालिचे, आणि मेजावर एक सुंदर घड्याळ. मांचूंचा तंबू साधा कापडी. शरीररक्षकांची संख्या दोन्ही बाजूंनीं मोजून सारखी ठेविली होती. गोलोव्हिन म्हणाला, अमूर हीच सीमा असावी. सोंगोतू म्हणाला, बैकल सरोवरापर्यंतचा मुलूख आमचा. दुसऱ्या दिवशीं सोंगोतूनें नेर्चिन्स्क सोडण्याची तयारी दाखविली. त्यावर रशियनांनीं उपरोधानें आभार मानले, कीं निदान आज रात्रीं येथें झोंपूं तरी दिलेंत! सोंगोतूला यापुढें काय देतां येईल तें सुचेना, आणि बैठक मोडली. वकिलांनीं आपले तंबू उपटले.

येथून पुढें खरी शिष्टाई केली ती गेर्बियों व परेरा या दोन जेझुइट पाद्र्यांनीं. ते चिनी बाजूचे दुभाषे. पण नदी ओलांडून दोन्ही छावण्यांत त्यांच्या खेपा सुरू झाल्या. त्यांच्या हेतूंविषयीं मागाहून पुष्कळ लिहिलें गेलें. गोलोव्हिननें त्यांना कातडीं नजर केलीं, हें खरें. त्यांना चीनमध्यें धर्मप्रसाराची मोकळीक हवी होती आणि बादशहाची मर्जी संपादणें हाच तिचा मार्ग होता, हेंही खरें. तीन वर्षांनीं, १६९२ मध्यें, तशी सनद त्यांना मिळाली. परंतु हेतु कांहींही असोत, ज्या वेळीं दोन्ही पक्ष मानापायीं रुसून बसले होते, त्या वेळीं कोणाचाच मान न गमावतां इकडचा शब्द तिकडे नेऊं शकतील अशीं माणसें तींच होतीं. गोलोव्हिनला त्यांचा संशय येई. मंगोल भाषेंतून बोलणें करण्याचाही यत्न त्यानें करून पाहिला. अखेर काम झालें तें लॅटिनमधूनच.

तरी नुसत्या शिष्टाईनें आल्बाझिन सुटलें नसतें. मांचू फौज नदी उतरून आली आणि नेर्चिन्स्कच्या सभोंवतींच्या टेकड्यांवर तिनें मोर्चे धरले. आसपासच्या बुर्यात व इतर टोळ्यांनीं रशियाचा पक्ष सोडला. गोलोव्हिननें बलाबल पाहिलें, मॉस्कोहून आलेल्या गुप्त आज्ञा आठवल्या, आणि आल्बाझिन सोडलें. १६८९ च्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यांत, म्हणजे जुन्या रशियन पंचांगाप्रमाणें २७ ऑगस्टला, तहावर शिक्कामोर्तब झालें.

तहाची मूळ प्रत लॅटिन. तिच्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या व शिक्के. मांचू प्रतींत बादशहाचें नांव आधीं, रशियन प्रतींत झारांचें. लॅटिनमुळें हा कलह मिटला. कलमें सहा. अर्गून व गोर्बित्सा या नद्या आणि तेथून समुद्रापर्यंत गेलेली पर्वतांची रांग, ही सीमा ठरली. समुद्राजवळच्या उदा नदीचा प्रदेश पुढील चर्चेसाठीं राखून ठेवला. आल्बाझिन समूळ पाडावें आणि तेथील लोकांनीं आपल्या चीजवस्तूसह निघून जावें. यापुढें पळून येणाऱ्यांना परत करावें. आजवर आलेल्यांना मागूं नये. या शेवटच्या वाक्यानें गान्तिमुरचा वीस वर्षांचा तंटा कोणाचेंही नाक खालीं न होतां मिटला. आणि परवाना असलेल्या व्यापाऱ्यांना दोन्ही राज्यांत ये-जा मोकळी. मॉस्कोस हवा होता तो व्यापार मिळाला. पेकिंगला हवी होती ती नदी मिळाली.

या तहाचें मोल ठरवितांना मागाहून फार कसरती झाल्या. १९६० नंतर सोव्हिएट रशिया आणि चीन यांचें बिनसलें, तेव्हां रशियन इतिहासकार म्हणूं लागले कीं हा तह तलवारीच्या धाकानें लादलेला होता. चिनी इतिहासकार म्हणूं लागले कीं तो समानतेचा आदर्श होता. दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे, पण दोघांचाही डोळा सतराव्या शतकावर नव्हता. मांचू फौजेचा धाक होता, हें नाकारतां येत नाहीं. तथापि ज्याच्यापाशीं दसपट बळ आहे त्यानें नेर्चिन्स्क घेतलें नाहीं, वकिलाला गुडघे टेकावयास लाविलें नाहीं, आणि बरोबरीनें बसून सही केली, हेंही नाकारतां येत नाहीं. कांग्शीला अपमानित शेजारी नको होता. गाल्दानशीं लढतांना तटस्थ राहील असा शेजारी हवा होता. तो त्याला मिळाला. १६९६ मध्यें कांग्शीनें गाल्दानचा पुरता मोड केला, आणि रशियानें बोटही हलविलें नाहीं.

तहाची बातमी मॉस्कोस पोंचली तेव्हां तेथें सोफियाची सत्ता संपलेली होती. नेर्चिन्स्कला सह्या होत होत्या त्याच महिन्यांत तरुण पीटरनें तिला दूर केलें होतें. गोलोव्हिनला त्याचा कांहीं जाच झाला नाहीं. पीटरनें त्याला पुढें अत्युच्च पदांस चढविलें.

यानंतर रशियाचे व्यापारी तांडे कातडीं घेऊन पेकिंगला जाऊं लागले, आणि थोड्याच वर्षांत त्यांनीं एवढीं कातडीं ओतलीं कीं भाव कोसळले. मंगोलियाकडील सीमा मात्र ठरावयाची राहिली होती. तें काम साव्हा व्लादिस्लाविच या रशियाच्या नोकरींतील धूर्त सर्ब व्यापाऱ्यानें पुरें केलें. पेकिंगमध्यें तीसांहून अधिक बैठकी झाल्यावर १७२७ मध्यें क्याख्ताचा तह ठरला. मायन्याचा जुना तंटा त्यांत मोठ्या चातुर्यानें सोडविला आहे: बादशहा आणि झार यांनीं एकमेकांस पत्र लिहूंच नये, पेकिंगच्या मांडलिकविषयक कचेरीनें रशियाच्या सेनेटला लिहावें आणि सेनेटनें तिला. म्हणजे पेकिंगला वाटावें रशिया मांडलिकांच्या दप्तरांत आहे, आणि रशियाला वाटावें कीं आपण बरोबरीनें पत्रव्यवहार करतों. दोघेही समाधानी! पेकिंगमध्यें रशियन पाद्री व भाषा शिकणारे विद्यार्थी ठेवण्याचीही सोय झाली. ज्या दरबाराला एकेकाळीं एक खलिता वाचतां आला नव्हता, त्याच्या प्रजेंतून या सोयीमुळें पुढें बिचुरिनसारखे चिनी विद्येचे थोर पंडित निर्माण झाले.

क्याख्ता हें सीमेवरचें नाकें. रशियन बाजूस क्याख्ता आणि समोर चिनी पेठ मायमायचेंग. ‘मायमाय’ म्हणजे खरेदीविक्री. या चिनी पेठेंत स्त्रियांना राहण्यास मनाई होती. इकडून कातडीं, तिकडून चहा, कापड आणि रेवाचिनी. चहाच्या दाबून केलेल्या विटा त्या प्रदेशांत नाण्यांसारख्या चालत. व्यापाऱ्यांनीं रशियन शब्द चिनी धाटणीनें जोडून एक बाजारी बोली बनविली आणि लॅटिनची गरज उरली नाहीं. पेकिंगला राग आला कीं बाजार बंद होई. १७८५ पासून तर तो सात वर्षें बंद राहिला. तरी युद्ध झालें नाहीं.

१७३१ मध्यें पेकिंगचे वकील मॉस्कोस आले आणि पुढील वर्षीं दुसरे पीटर्सबर्गला गेले. झुंगारांशीं पुन्हां युद्ध जुंपलें होतें आणि रशियाची तटस्थता हवी होती. युरोपच्या दरबारीं गेलेल्या या चीनच्या पहिल्या वकिलाती होत. सम्राज्ञी ॲनापुढें त्या मांचू वकिलांनीं गुडघे टेकले आणि आपल्या रिवाजाप्रमाणें कपाळ भुईस लाविलें. ज्या नमस्कारावरून बायकोव्ह पंचाहत्तर वर्षांपूर्वीं परत फिरला होता, तोच नमस्कार रशियाच्या सिंहासनापुढें घडला.

नेर्चिन्स्कची सीमा जवळजवळ एकशेंसत्तर वर्षें टिकली. पुढें तैपिंग बंडानें आणि इंग्रज-फ्रेंचांच्या स्वारीनें चीन जर्जर झाला असतां सुभेदार मुराव्हयोव्ह यानें १८५८ मध्यें आयगुन येथें, ज्या ठाण्यांतून कांग्शीच्या फौजा आल्बाझिनवर गेल्या त्याच ठाण्यांत, नवा तह लिहून घेतला. १८६० च्या पेकिंगच्या तहानें तो पुरा झाला. या दोन तहांनीं सुमारें दहा लक्ष चौरस किलोमीटर मुलूख रशियाकडे गेला. १९६९ च्या मार्चमध्यें उसुरी नदींतील एका बेटावरून दोघांचे सैनिक एकमेकांवर तुटून पडले. १९९१ व २००४ मध्यें करार होऊन २००८ मध्यें शेवटच्या बेटांची वांटणी पुरी झाली. गोलोव्हिन आणि सोंगोतू यांनीं आंखलेल्या रेषेपैकीं अमूरच्या उत्तरेकडची पर्वतांची सीमा केव्हांच पुसली गेली. अर्गून नदी मात्र आजही दोन्ही राज्यांची सीमा म्हणून वाहात आहे.